शाळेतली नोकरी आणि नीती: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव आणि चिक्कोडी या दोन शैक्षणिक जिल्ह्यांतल्या सरकारी, अनुदानित आणि खासगी मराठी शाळांमधून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे शिक्षक आहेत, हेडमास्तर आहेत, एसडीएमसीचे (शाळा विकास व देखरेख समितीचे) सदस्य आणि पालकही आहेत. साधे प्रश्न आधी घेतले आहेत, गुंत्याचे नंतर.

१. नियम पाळले की झाले ना? नीती आणखी वेगळी कशाला?

नियम फक्त किमान मर्यादा सांगतात. आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २४ प्रमाणे शिक्षकाने नियमित आणि वेळेवर यावे, अभ्यासक्रम ठरल्या मुदतीत संपवावा, प्रत्येक मुलाची कुवत पाहून गरज असेल तिथे जादा शिकवावे आणि पालकांशी नियमित बोलावे. पण 'धडा वाचा रे' असे सांगून तासभर मोबाईल बघणारा शिक्षकही हजेरीपत्रकात हजरच असतो. त्याला कोणता नियम पकडणार?

रोजच्या कामासाठी एक कसोटी पुरते: शाळेत जे घडले तेच वहीत लिहिले आहे का, आणि वहीतले पान पालकांच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवता येईल का? शाळेतले बहुतेक गैरप्रकार आधी कुठल्या तरी रजिस्टरातल्या एका खोट्या ओळीतून सुरू होतात. खालच्या अनेक उत्तरांत हीच गोष्ट पुन्हा भेटेल.

२. आम्हाला नेमके कोणते कायदे लागू होतात?

सरकारी शिक्षकांना कर्नाटक राज्य नागरी सेवा (वर्तणूक) नियम, २०२१ लागू आहेत. १९६६ चे जुने नियम जाऊन हे आले. खासगी आणि अनुदानित शाळांतल्या नोकरीला कर्नाटक शिक्षण कायदा, १९८३ लागू होतो. त्याच्या कलम ९२ प्रमाणे चौकशी केल्याशिवाय आणि बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय कर्मचाऱ्याला बडतर्फ करता येत नाही. पहिली ते आठवीपर्यंत आरटीई कायदा, २००९ आहे. मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखणारा पॉक्सो (२०१२) आणि कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा सगळ्याच शाळांना लागू आहेत. अल्पसंख्याक संस्थांची गोष्ट थोडी वेगळी आहे, ती प्रश्न ७ मध्ये पाहा.

३. एसटी चुकली आणि वीस मिनिटे उशीर झाला. मस्टरवर कोणती वेळ लिहायची?

पोहोचलात ती. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात गाडी चुकणे हा गुन्हा नव्हे. मात्र ९.५० ला पोहोचून ९.३० लिहिणे ही खोटी नोंद आहे. महिन्यातून चार वेळा उशीर होत असेल तर हेडमास्तरांना लेखी कळवा आणि पहिला तास कोण घेणार ते ठरवून ठेवा. लपवलेल्या उशिराचे नुकसान मुलांच्या पहिल्या तासाला सोसावे लागते, आणि तो तास बहुतेक वेळा गणिताचा किंवा भाषेचा असतो.

दोन जुन्या सवयी मात्र साफ बंद व्हायला हव्यात. एक, सहकाऱ्याची सही आपण करणे किंवा त्याच्यासाठी रकाना रिकामा सोडणे. दोन, तारीख न घातलेला रजेचा अर्ज टेबलाच्या खणात ठेवून जाणे, म्हणजे तपासणी आली तर अर्ज पुढे आणि नाही आली तर फाडून टाकायचा. या दुसऱ्या सवयीला अनेक शाळांत 'अॅडजस्टमेंट' म्हणतात. खरे तर तो न शिकवता घेतलेला पगार आहे.

सीआरपी (शाळासमूहाच्या समन्वयकाची) बैठक, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिस किंवा बँकेच्या कामासाठी शाळेबाहेर पडताना मूव्हमेंट रजिस्टरात जाण्याची वेळ, काम आणि परतण्याची वेळ लिहा. ओओडी (सरकारी कामासाठी बाहेर असल्याची नोंद) दाखवायची असेल तर आदेशाची प्रत फाईलला लावा. नुसत्या तोंडी निरोपावर ओओडी टाकली की तपासणीत हेडमास्तर आणि शिक्षक दोघेही अडकतात.

४. हेडमास्तरांनी शिस्त लावायची तर सुरुवात कुठून?

स्वतःच्या सहीपासून. मस्टरवर पहिली सही हेडमास्तरांची आणि खऱ्या वेळेची असली की बाकीच्यांना फार सांगावे लागत नाही. उशीर झाला तर स्वतःच्या नावापुढेही तसाच शेरा हवा.

पुढचा भाग कामाच्या वाटपाचा. जादा तास, निवडणुकीची कामे, बिसियूटची (शाळेतल्या दुपारच्या जेवणाची) देखरेख, कन्नडमधल्या सर्क्युलरांची उत्तरे ही कामे नेहमी त्याच दोघांच्या गळ्यात पडतात: एक नवीन लागलेला आणि एक 'नाही' न म्हणणारा. अतिथी शिक्षकांवर तर सर्रास. जूनच्या पहिल्या आठवड्यात कामांची यादी करून पाळीपाळीने वाटा आणि ती स्टाफरूममध्ये लावा. पक्षपाताच्या अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात. चूक सांगायची असेल तर आपल्या खोलीत बोलावून सांगा, वर्गासमोर किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको.

५. मुलांची हजेरी थोडी वाढवली तर कुणाचे काय बिघडते? सगळेच करतात.

पटावर ६० मुले आहेत, गणपतीच्या आठवड्यात ४२ आली आणि वहीत ६० लिहिली असे धरा. बिसियूटमध्ये पहिली ते पाचवीला दर मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण आहे. १८ मुले कागदावर जेवली की रोज १ किलो ८०० ग्रॅम तांदूळ खर्ची पडतो. शाळेचे वीस दिवस असेच गेले तर ३६ किलो तांदूळ, ७ किलो २०० ग्रॅम डाळ आणि १ किलो ८०० ग्रॅम तेल कागदावर संपते आणि पोत्यात मात्र शिल्लक राहते. त्या शिलकीचे काय करायचे, हा पुढचा प्रश्न खोट्या हजेरीनेच निर्माण केलेला असतो. साठा जुळवण्यासाठी मग आणखी खोटे लिहावे लागते.

हजेरी फुगवण्यामागे चोरीपेक्षा भीती जास्त असते, हे मान्य करायला हवे. सीमाभागातल्या मराठी शाळांचा पट घसरतो आहे. पट कमी दिसला तर शिक्षक जादा ठरेल, शाळा जोडली जाईल, ही भीती खरी आहे. पण गावात नसलेल्या मुलांची नावे ठेवून शाळा वाचत नाही. मोजणी झाली की एकाच दिवसात पट कोसळतो आणि विश्वासही जातो. खरा आकडा लवकर मांडला तर एसडीएमसी घरोघर फिरू शकते, अंगणवाडीतून पहिलीत येणारी मुले मोजू शकते.

गणपतीत वर्ग रिकामे पडणारच असतील तर स्थानिक सुट्टीसाठी बीईओंची लेखी परवानगी आधी घ्या आणि ते दिवस नंतर भरून काढा. शाळा चालू दाखवून पोरे घरी ठेवण्यापेक्षा हा मार्ग सरळ आहे.

६. बिसियूटमध्ये शिक्षकांची जबाबदारी कुठवर? आम्ही आचारी नाही.

स्वयंपाक तुमचा नाही, देखरेख तुमची आहे. वाढण्याआधी किमान एका शिक्षकाने जेवण चाखावे आणि चव-वहीत वेळ लिहून सही करावी. शनिवारी बसून आठवड्याच्या सह्या एकदम करणे म्हणजे चव न घेणेच. विषबाधा झाली तर पहिली मागितली जाते ती हीच वही.

पोते नुसते मोजू नका, वजन करून घ्या. सहावी ते आठवीला प्रमाण १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल असे आहे. दोन्ही गटांचा हिशेब एकत्र केला की चुकतो. क्षीरभाग्य या सरकारी योजनेचे दूध १८ ग्रॅम पावडरीचे १५० मिली व्हायला हवे, म्हणजे १०० मुलांना १ किलो ८०० ग्रॅम पावडर आणि १५ लिटर दूध. दूध पातळ लागले तर पावडर कमी पडली किंवा बाहेर गेली, तिसरे कारण सहसा नसते. अंडे न खाणाऱ्या मुलाला केळे द्यायचे. कोण काय खातो यावरून वर्गात शेरेबाजी होऊ देऊ नका.

स्वयंपाकीणबाईंच्या जातीवरून पालक डबा पाठवू लागले किंवा मुले वेगळ्या पंगतीत बसू लागली तर 'हळूहळू निवळेल' म्हणून थांबू नका. आरटीईच्या कलम ८ आणि ९ प्रमाणे वंचित गटातल्या मुलाशी शाळेत भेदभाव होणार नाही हे पाहणे शासनाचे आणि स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे, आणि शाळेत ते हेडमास्तरांच्या हातून घडते. उपाय सोपा आहे: दुसऱ्या दिवसापासून सगळे शिक्षक त्याच पंगतीत, त्याच बाईंच्या हातचे जेवतात. एसडीएमसी अध्यक्षांनाही बोलवा.

७. पालकच म्हणतात, 'मारा हो सर, हाडे तेवढी ठेवा.' मग एक छडी मारली तर?

तरीही नाही. आरटीईचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करते. पालकांच्या तोंडी परवानगीने ती मनाई उठत नाही आणि प्रकरण पोलिसांत गेले की तेच पालक तक्रारदार असतात. मानसिक छळात उन्हात उभे करणे, घरच्या गरिबीवरून, जातीवरून किंवा 'तुझे मराठी कानडी वळणाचे' म्हणून टोमणे मारणे हेही येते.

'आमची संस्था भाषिक अल्पसंख्याक आहे, आम्हाला आरटीई लागू नाही' असा युक्तिवाद काही संस्थांतून ऐकू येतो. २०१४ च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांना त्या कायद्यातून वगळले हे खरे. २०२५ मध्ये न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने त्या निकालावर शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी पाठवला आहे. पण मूल जखमी झाले तर भारतीय न्याय संहिता अल्पसंख्याक दर्जा विचारत नाही. शिवाय, मुलाला मारण्यासाठी दर्जाचा आधार शोधणारी संस्था आधीच हरलेली असते.

गृहपाठ न करणाऱ्या मुलासाठी आधी कारण शोधा. ऊसतोडीच्या हंगामात चिक्कोडी-निपाणी पट्ट्यातली किती मुले धाकट्या भावंडांना सांभाळतात ते विचारून बघा. मारामारी झाली तर दोघांना वेगळे बसवा, दोघांचे ऐका, त्याच दिवशी पालकांना कळवा आणि चार ओळींची नोंद करा.

८. शाळा सुटल्यावर शिकवणी घेतली तर चालते का?

आठवीपर्यंतच्या शिक्षकाला आरटीईच्या कलम २८ ने खासगी शिकवणी बंद आहे. घरी घेतो, पत्नीच्या नावावर घेतो, फक्त दुसऱ्या शाळेची मुले घेतो, या सगळ्या पळवाटा आहेत. हायस्कूलच्या सरकारी शिक्षकांना वर्तणूक नियमांमुळे परवानगीशिवाय जोडधंदा करता येत नाही. मागे पडलेल्यांसाठी शाळेतच बिनपैशाचा जादा वर्ग घ्यायला मात्र कुणाची आडकाठी नाही. शिकवणीतले खरे दुखणे हितसंबंधांचे आहे: पैसे देणाऱ्याचे मूल त्याच शिक्षकाकडून तपासले जाते.

९. शिक्षकदिनी किंवा दहावीच्या निरोप समारंभात भेटवस्तू घ्यावी का?

फूल, हाताने केलेले कार्ड, घरच्या झाडाचे आंबे ठीक. मुलांकडून वर्गणी काढून घेतलेले घड्याळ, साडी, चांदीची मूर्ती घेऊ नका, कारण वर्गणी 'ऐच्छिक' म्हटली तरी न देणाऱ्या मुलाला ती ऐच्छिक वाटत नाही. मे-जूनच्या आतच 'या शाळेत भेटीसाठी वर्गणी काढायची नाही' असे स्टाफने ठरवून पालकांना सांगितले तर ऐनवेळी नकार देण्याची पाळी येत नाही. शाळेला वस्तू द्यायची असेल तर ती साठा रजिस्टरात चढवा, दात्याला पावती द्या.

१०. फी थकली म्हणून टीसी अडवता येते का? कोल्हापूरच्या शाळेत जायचे आहे.

आरटीईच्या कलम ५ प्रमाणे मूल राज्यातल्या किंवा राज्याबाहेरच्या शाळेत जात असेल तर हेडमास्तरांनी टीसी लगेच द्यायची. विलंब करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. नव्या शाळेलाही टीसी उशिरा आली म्हणून प्रवेश लांबवता येत नाही. सीमाभागात ही तरतूद फार कामाची आहे, कारण इथली कुटुंबे हंगामाप्रमाणे कागल, गडहिंग्लज, इचलकरंजीकडे जात-येत असतात. थकीत रक्कम वसूल करायला शाळेकडे दुसरे मार्ग आहेत. मुलाचा दाखला हे ओलीस ठेवायचे सामान नाही.

टीसी देताना सॅट्स (राज्याच्या विद्यार्थी नोंदणीतला) क्रमांक, जन्मतारीख आणि नावाचे स्पेलिंग जन्मदाखल्याशी ताडून पाहा. कन्नड आणि मराठी लिपीतून नाव इंग्रजीत येताना 'पाटील'चे तीन प्रकार होतात, आणि पुढे पोराला दुरुस्तीसाठी वर्षे घालवावी लागतात.

११. एसडीएमसीचे प्रोसिडिंग कन्नडमध्ये असते. आम्ही पालक न समजता सही करतो. करावी का?

समजल्याशिवाय करू नका, आणि हेडमास्तरांनी तशी घेऊही नये. एसडीएमसीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात हे आरटीईचे कलम २१ सांगते. पण ठराव न वाचता सह्या झाल्या तर ती समिती नावापुरतीच उरते. रीत अशी ठेवावी: बैठकीत ठराव आधी मराठीत तोंडी मांडायचा, रक्कम आकड्यात सांगायची, मग कन्नड मजकूर लिहून तो ओळीने मराठीत वाचून दाखवायचा आणि त्यानंतरच सह्या. उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारायची. बैठकीआधी कोऱ्या पानावर सह्या घेणे हा सर्वांत घातक प्रकार आहे, मग त्यामागे चेक लवकर वटावा एवढाच हेतू का असेना.

१२. अंतर्गत गुण सगळ्यांना पूर्ण दिले तर मुलांचे भलेच होते ना?

एसएसएलसीच्या (दहावीच्या) ६२५ पैकी पहिल्या भाषेचे २५ आणि बाकी पाच विषयांचे प्रत्येकी २० असे १२५ गुण शाळेच्या हातात असतात. प्रकल्प न करता सगळ्यांना १९-२० दिले की ज्याने वही खरी लिहिली त्याला शिकवण मिळते: कष्टाला किंमत नाही. गुणांची यादी अपलोड करण्याआधी मुलांना दाखवा, हरकत घ्यायला दोन दिवस द्या.

परीक्षा केंद्रावर उत्तरे पुरवणे हा तर वेगळाच गुन्हा. २०२४ पासून परीक्षेचे वेबकास्टिंग होते म्हणून कॉपी कमी झाली असे म्हणतात. कॅमेऱ्यामुळे कमी झाली असेल तर ती शाळेची कमाई नव्हे.

१३. सहकारी शिक्षकाबद्दल मुलीने तक्रार केली. आधी शाळेत चौकशी करून खात्री करावी का?

नाही. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे शंका आली तरी पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचे प्रकरण दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. सद्भावनेने कळवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे.

क्रम असा: मुलगी जेवढे आपणहून सांगते तेवढे शांतपणे ऐका, तिच्या शब्दांत लिहा, तारीख-वेळ घाला. खोदून विचारू नका. चार जणांनी चार वेळा विचारले की जबाब बिघडतो आणि मूल खचते. आरोपीला समोर बसवून 'खरे सांग' हा प्रकार कधीच नको. त्याच दिवशी पोलिसांना आणि पालकांना कळवा. पालकच संशयित असतील तर १०९८ वर फोन करा. बीईओ आणि डीडीपीआय (जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक) यांना लेखी अहवाल द्या आणि त्या शिक्षकाचा मुलांशी संपर्क तातडीने तोडा. मुलीचे नाव, फोटो, एवढेच काय शाळेचे नावही बातमीत येऊ नये. कलम २३ ते मना करते.

सगळ्यात मोठी चूक गावकी करते: अध्यक्ष, सरपंच आणि दोन्ही घरे बसून 'मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे' म्हणत मिटवतात. त्या बैठकीला बसलेला हेडमास्तर स्वतःच आरोपी होऊ शकतो.

१४. शिक्षिकेला त्रास होत असेल तर हीच पद्धत का?

वेगळी. प्रश्न २ मधल्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान शाळेतल्या बाईंनी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, चौकशी ९० दिवसांत संपवायची. समेट फक्त तक्रारदार बाईंनी मागितला तरच, आणि पैसे देऊन कधीच नाही.

१५. १ नोव्हेंबर आला की दोन्हीकडून दबाव येतो. शिक्षकाने काय करावे?

शाळेतला राज्योत्सव (कर्नाटकाचा स्थापनादिन) हा सरकारी कार्यक्रम आहे. सरकारी शिक्षकाने तो नीट पार पाडावा. त्याच दिवशी निघणाऱ्या काळ्या दिनाच्या (सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या) फेरीत नोकरीतल्या शिक्षकाला सहभागी होता येत नाही. मुलांना कोणत्याही आंदोलनात, कोणत्याही झेंड्याखाली रांगेने नेऊ नका.

मुलाने वर्गात सीमाप्रश्नाबद्दल विचारलेच तर टाळू नका, तथ्ये सांगा: १९५६ ची राज्यपुनर्रचना, महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा. दोन्ही राज्यांचे म्हणणे काय ते सांगा आणि आपले मत घरी ठेवा. वर्गात कन्नड भाषिक मूल असेल तर त्याच्याकडे बघून बोलणे टाळा. मराठी टिकावी असे वाटणाऱ्या शिक्षकाने पाचवीतल्या मुलाला मराठी सफाईने वाचता येईल एवढे पाहावे; मुलांना दुसरी भाषा म्हणून येणारे कन्नडही त्याच मनाने शिकवावे, नाहीतर दहावीत तोच विषय त्यांना अडवतो.

१६. बीएलओचे (मतदार यादीचे) काम, सर्वेक्षण... शिकवायचे कधी? नकार देता येतो का?

दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक या तीन कामांना आरटीईचे कलम २७ मोकळीक देते. २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांना मतदार यादीचे काम सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी द्यावे असे म्हटले आहे. सरसकट नकार देऊ नका. आदेश लेखी मागा, शाळेच्या वेळेतले काम असेल तर कोणता वर्ग कोण घेणार ते लिहून बीईओंना कळवा. बुडालेले तास मोजलेले असले की वर बोलायला आधार राहतो.

१७. हेडमास्तर किंवा संस्थाचालकच चुकत असतील तर? सहीच्या रकमेपेक्षा पगार हातात कमी मिळतो.

जास्त रकमेवर सही घेऊन कमी पगार देणे हा काही खासगी शाळांतला जुना रोग आहे. सही केल्यावर पुरावा तुमच्याच विरुद्ध उभा राहतो. म्हणून पगार खात्यातच मागा, आणि खात्यात आलेली रक्कम रोख परत मागितली जात असेल तर तारीख, रक्कम आणि मागणाऱ्याचे नाव वहीत टिपत जा.

तक्रार पायरीने करा: आधी हेडमास्तर, मग संस्था, मग बीईओ, मग डीडीपीआय, प्रत्येक ठिकाणी पोचपावती घ्या. लाच किंवा सरकारी पैशाचा अपहार असेल तर लोकायुक्तांकडे जाता येते. कर्नाटकात २०२२ मध्ये एसीबी (लाचलुचपत प्रतिबंधक विभाग) रद्द झाल्यावर हे अधिकार पुन्हा तिकडे आले. कागद हवा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: १० रुपये फी, आणि कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. लांबलचक अर्ज पाठवले की ते नेमके याच कारणाने परत येतात. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच खात्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील करा. नोकरीवरून काढले तर प्रश्न २ मधले कलम ९२ आणि शैक्षणिक अपील न्यायाधिकरण आहे.

निनावी पत्रे टाळा. त्यांची दखल क्वचित घेतली जाते, आणि संशय मात्र स्टाफरूममधल्या प्रत्येकावर येतो.